वकीलसाहेबांच्या गाडीतला आवाज

विमलाबाई गेल्या आणि थोड्याच दिवसांत दत्तोपंत वकिलांच्या गाडीला आवाज लागला.

ती जुनी काळी गाडी राजारामपुरीत सगळ्यांच्या ओळखीची. संस्थान विलीन व्हायच्या आधी एका सरदारांनी ती काढून टाकली, तेव्हा विमलाबाईंनी हट्टानं घ्यायला लावली. त्यांचं माहेर आजऱ्याचं आणि सर्व्हिस मोटारीत त्यांना मळमळायचं. मग सणासुदीला नवरा-बायको गाडीनं आजऱ्याला जायचे. दत्तोपंत मुलखाचे अबोल. विमलाबाईंचं मात्र घरापासून जे तोंड सुरू व्हायचं, ते माहेरच्या दारात थांबायचं.

मार्गशीर्षात विषमज्वरानं त्यांना नेलं. मूलबाळ नव्हतं. आजऱ्याला त्यांची आई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. तिला लेकीचं शेवटचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर ती निरोप धाडायची, ‘जावईबापूंना म्हणावं, एकदा येऊन जा. तिचं सगळं तुमच्या तोंडून ऐकायचंय.’ दत्तोपंत उलट निरोप द्यायचे, ‘गाडी बिघडलीय. नीट झाली की निघतो.’

ते खोटंही नव्हतं. इंजिन सुरू झालं की आतून कुणी नखानं पत्रा टोकरावा तसा आवाज यायचा. टक टक टक. शाहूपुरीतल्या पिराजी मिस्त्रीनं प्लग बदलले, तेल बदललं, पंख्याचा पट्टा नवा घातला. आवाज होता तिथंच होता.

“तुला ऐकू येतं की नाही?” दत्तोपंत एकदा चिडून म्हणाले.

“येतंय की, वकीलसायब. पर...” पिराजीनं पुढचं गिळलं आणि हात पुसत बसला.

दुसऱ्या एका मिस्त्रीनं गाडी विकून टाकायला सांगितलं. दत्तोपंत चैत्रात पुन्हा पिराजीकडे आले. “चल, बस माझ्याबरोबर. गाडी पळताना ऐक.”

पिराजी मागचं दार उघडायला लागला.

“मागं बसून काय ऐकणार? पुढं ये.”

“बाईसाब बसायच्या न्हवं हितं,” असं पुटपुटत तो सीटच्या कडेला अंग चोरून बसला.

गाडी कागलच्या रस्त्याला लागली. “ऐक, आला बघ,” दत्तोपंत म्हणाले. पिराजीनं मान हलवली. पिराजीला गाडीतली शांतता सोसेना. तो आपला घरचंच सांगायला लागला. थोरली लेक हुपरीला दिलेली, तिच्या घरी चांदीची पैंजणं करतात, सासू लई खमकी. “पर आमची पोरगी बी काय कमी न्हाय. सासू एक बोलली तर ही दोन बोलती. परवा तर सासूच रुसून आमच्याकडं ऱ्हायला आली!”

दत्तोपंतांना हसू आलं. किती दिवसांनी आलं, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. आणि मग ते दचकले.

“पिराजी! आवाज बंद झाला!”

पिराजी गप्प झाला. क्षणभरानं आवाज आला. टक टक टक.

“गाडी थांबवा जरा,” पिराजी म्हणाला. दत्तोपंतांनी ती एका चिंचेखाली उभी केली. इंजिन चालूच होतं.

“ह्यो आवाज आजचा न्हाय, वकीलसायब. इंजिनातल्या झडपांची टॅपेटं झिजल्यात. तुमी गाडी घेतली तवाच मी म्हनलो हुतो, आवाज हाय पर भ्यायचं कारण न्हाय. तुमी म्हनला, मला तर काय ऐकू येत न्हाय.”

“मग इतकी वर्षं मला...”

“बाईसाब बोलत असायच्या,” पिराजी हळू म्हणाला. “तुमी तक्रार घिऊन आला, त्या पयल्याच दिशी माझ्या ध्यानात आलतं. पर कुठल्या तोंडानं सांगू तुमास्नी?”

स्मशानातसुद्धा दत्तोपंतांच्या डोळ्यांना पाणी आलं नव्हतं. आता भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, स्टीअरिंगवर डोकं टेकून ते हुंदके देऊन रडले. पिराजी खाली उतरला आणि गाडीकडे पाठ करून उभा राहिला.

परतताना त्यांनी एवढंच विचारलं, “गाडी आजऱ्यापर्यंत जाईल?”

“ममईपतूर जाईल की. गाडीला काय बी झाल्यालं न्हाय.”

दुसऱ्या दिवशी ते एकटेच निघाले. विमलाबाई या वाटेवर काय काय सांगायच्या, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. कुणाच्या तरी लग्नातलं भांडण, कसलंसं लोणचं, कुणाची तरी म्हैस. इतक्या वर्षांतली एक गोष्ट धड आठवेना. आपण नुसतं रस्त्याकडे बघत बसलो. आजऱ्याअलीकडचं उत्तूर मागं पडलं तरी त्यांना दुसरं काही सुचेना.

आजऱ्याला सासूबाई उशाला टेकून वाटच बघत होत्या. “आलात? बसा. सांगा.”

दत्तोपंतांनी ताप कधी चढला, डॉक्टर कोण, औषध कुठलं, असं कोर्टात जबानी द्यावी तसं सांगायला सुरुवात केली. म्हातारीनं हात वर केला. “ते राहू दे. ती शेवटी काय म्हणाली?”

“तापात बरळत होती. गाडीत बसलोय असं वाटत होतं तिला. सारखी विचारायची, आजरा अजून किती लांब आहे?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, आलंच.”

म्हातारीनं डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळलं, ते तिनं पुसलं नाही. थोड्या वेळानं तिनं चाचपडत जावयाचा हात धरला.

“मग?” तिनं विचारलं.

आणि दत्तोपंत सांगत राहिले.