भिंतीवर टांगायला निघालेले पातेले

मी एक जुने तांब्याचे पातेले आहे, मित्रांनो. माहेर फ्रान्सचे, संसार बहरीनमधल्या अदलियाचा. थोडी ऐट आहे माझ्यात, पण वीस वर्षे चुलीवर काढल्यावर तेवढी चालते.

शेफ ल्यूक यांनी मला विमानात मांडीवर घेऊन इथे आपल्या रेस्टॉरंटमध्ये आणले. त्यांची रीत साधी होती. हामूर माशाची चव सॉसखाली दडपायची नाही, सॉस पिठाने घट्ट करायचा नाही. तो मंद आचेवर आटवायचा, वर इथलेच वाळवलेले काळे लिंबू आणि शेवटी लोण्याचा गोळा. ताटल्या परत आल्या की ते भांडी घासणाऱ्यांना विचारत, "आज काय उरलं?" त्यावरून उद्याचा पदार्थ सुधारत. अदलियातले कितीतरी आचारी आज हीच रीत पाळतात. त्यातले निम्मे माझ्याशेजारी हात भाजून घेत शिकले.

मग वसईची टेरेसा भांडी घासायला आली. माझे आतले काळपटपण तिला खुपले. तारेच्या घासणीने तासभर घासून तिने मला आतून लाललाल केले. बिचारीला वाटले, शाबासकी मिळेल. पण काजळी समजून तिने खरवडली ती माझी काळवंडलेली कल्हई होती! ती गेली की आंबट पदार्थ तांब्यात कळकतो.

शेफ आत डोकावले. ओरडले नाहीत. "खलास. भिंतीवर टांगा याला," एवढेच म्हणाले. मला फार वाईट वाटले. शोभेचे होऊन जगायचे कसे?

टेरेसाचा चेहरा उतरला. "शेफ, प्लीज, टांगू नका. शुक्रवारी माझा ऑफ आहे. माझी आई दरवर्षी भांड्यांना कल्हई लावून घ्यायची. इथेही कोणी भेटेल, इंशाल्ला."

शुक्रवारी मला कडेवर घेऊन ती तुबली भागातली गॅरेजे पालथी घालत फिरली. अखेर अरबी कॉफीच्या सुरयांना कल्हई लावणारा झुबेर सापडला.

"बहनजी, इसकी खाल किसने उतारी?"

"मैंनेच," टेरेसा पुटपुटली.

नवसागराचा पांढरा धूर उठला, कथील वितळले, कापसाचा बोळा फिरला आणि मी आतून चांदीसारखे उजळले.

दुसऱ्या दिवशी शेफने माझ्यात सॉस केला आणि पहिला चमचा टेरेसाला दिला. ती भीतभीत म्हणाली, "लिंबू जरा जास्त झालंय." शेफने चाखले आणि हसत लोण्याचा आणखी एक गोळा टाकला. सोमवारपासून टेरेसा चुलीपाशी उभी राहू लागली.

गेल्या वर्षी शेफ निवृत्त होऊन गावी गेले. मला टेरेसाकडे ठेवून गेले. मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर एखादे काळवंडलेले भांडे असेल. त्याला बाहेरून चिंच लावा, आतून मऊ फडक्याने पुसा, कल्हई गेली असेल तर करून घ्या. पण टांगू नका, त्यात काहीतरी शिजवा.

शेफ अजून फोन करतात. आधी तब्येत विचारत नाहीत, विचारतात, "आज काय उरलं?"

परवा टेरेसाने माझ्यात डोकावून पाहिले आणि ती फोनवर म्हणाली, "मफी, शेफ. काहीच नाही."