आंबिलीचं मडकं

१९८२ सालची येळवस. उभ्या पिकात जाऊन पूजा करायचा दिवस, म्हणून जनवाड्याच्या पार्वतीबाईंच्या घरी पहाटेपासून डाळी-भाज्यांची भज्जी शिजत होती. आंबिलीचं मडकं दरसाल सून इंदिराबाई डोक्यावर घेई. यंदा सासूबाईंनी चुंबळ ठेवली ती कमलच्या डोक्यावर. कमल इंदिराबाईची पाठची बहीण, चार दिवस मदतीला म्हणून बोलावलेली.

इंदिराबाई काठी धरून उंबऱ्याशी उभी होती. तीन वर्षं झाली, पायातली चप्पल गळून पडली तरी तिला कळत नसे. कढत पाण्यानं न्हाली की अंगातलं बळच सरे. सोलापूरच्या डॉक्टरांनी मेंदू-मणक्याच्या शिरांचा आजार सांगितला. घरानं भानामती म्हटलं. महादेवाचा सोमवार मात्र तिनं एकही सोडला नव्हता.

"बघा, थेंब सांडंना झालाय!" शेताच्या वाटेवर इंदिराबाईचे मालक व्यंकटराव कमलच्या पावलांकडं बघत म्हणाले.

बैलगाडीत बसलेली इंदिराबाई मनातल्या मनात म्हणाली, पड गं सटवे, एकदा तरी पड! सख्ख्या बहिणीला शिव्याशाप देताना तिला महादेवाचंही भय वाटलं नाही.

शेतात ती कडब्याच्या कोपीला टेकून बसली. पलीकडं सासूबाई शेजारच्या नागूबाईशी बोलत होत्या.

"बहीणच सवत म्हनून आली म्हंजे भांडन न्हाई. माघात उरकून टाकू."

"अन् हिचेबी पाय गेले तर, पार्वताक्का?"

"तर तिसरी बघू. बैल बसला म्हनून औत थांबतंय व्हय?"

दोघी खुदकन हसल्या.

इंदिराबाईनं कमलकडं पाहिलं. नवी नवरी असताना आपल्याही पावलांकडं हे घर असंच बघत होतं! डोक्यावरचं जे मडकं गेलं म्हणून ती जळत होती, ते जू होतं.

"कमे, तुला हितं कामून आनलंय, ठाव हाय?"

"तुझं करायला की, अक्का."

"न्हाई गं. माझ्या जागी."

कमलचा चेहरा उतरला. इंदिराबाईनं मालकांना हाक मारली. "अहो, मी जित्ती हाय. माघात लगीन लावाल तर बिदरच्या कोर्टात जाईन. चालता न्हाई आलं तर गाडीत पडून जाईन."

"इंदिरे, येड लागलंय का?" सासूबाई कडाडल्या. व्यंकटरावांची मान मात्र खाली गेली.

पिकात आंबील शिंपायची वेळ झाली. कमलनं मडक्यातली आंबील तांब्यात ओतली, तो अक्काच्या हाती दिला आणि तिचा दंड धरला. दोघी ज्वारीत शिरल्या. इंदिराबाईच्या पावलापावलाला तांब्या हिंदकळत होता. आंबील सांडत होती, आणि सांडायची तिथंच सांडत होती.