कंसातलं संगीत

"काल सहा वाजून दहा मिनिटांनी तुझी एक अख्खी ओळ गळली," ऑरविल बोटांनी म्हणाला.

डार्ला छोट्या जुनीच्या तोंडाला लागलेलं सफरचंद पुसत होती. तिनं आधी पोरीला सासऱ्याच्या मांडीवर दिलं, हात मोकळे केले आणि मग उत्तर दिलं.

"तेव्हा तुमची नात वर ठणाणा करत होती, पॉप."

"हो? मला नाही बुवा ऐकू आलं."

म्हातारा खांदे उडवून हसला. बहात्तर वर्षांत त्याला कधीच काही ऐकू आलं नव्हतं, आणि हा विनोद तो आठवड्यातून दोनदा तरी करायचा. डार्ला दर वेळी हसायची. तिचा नवरा कर्ट इराकला जाऊन सात महिने झाले होते. घरात जे काही हसण्यासारखं उरलं होतं, ते वाया घालवणं तिला परवडत नव्हतं.

तिचं काम तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी चाले. कानांवर हेडफोन, पुढ्यात मोजक्या कळांचं एक छोटं यंत्र. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जे बोललं जाई ते टेलिफोनच्या तारेतून तिच्या कानात येई, बोटांतून बाहेर पडे आणि दोन-तीन सेकंदांत देशभरच्या टीव्हीच्या तळाशी अक्षरं होऊन सरके. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. शब्दच नव्हे, आवाजसुद्धा कंसात लिहायचे असत: (टाळ्या), (संगीत), (हशा). नियम एकच. आपलं काही घालायचं नाही, त्यांचं काही गाळायचं नाही.

चार वाजता ती एका पक्षाच्या बाजूच्या वाहिनीसाठी लिही, सहा वाजता दुसऱ्या पक्षाच्या. चारच्या वाहिनीवर युद्ध जवळजवळ जिंकलेलं असे, सहाच्या वाहिनीवर जवळजवळ हरलेलं. मधल्या वेळात ती कपड्यांच्या घड्या घाली.

लोकांना वाटे, दिवसभर असलं ऐकून हिचं डोकं फुटत असेल. पण तसं नव्हतं. शब्द तिच्या डोक्यात थांबतच नसत. कानातून शिरत, बोटांतून निघून जात, आणि मधे डार्ला कुठल्या तरी मऊ, अर्ध्या झोपेच्या जागेत बसलेली असे. तिथं कर्ट ट्रकच्या टपावर पाय सोडून बसलेला दिसे. डब्यातले पीच सुरीनं काढून खात. वाळू पिवळी, पीच पिवळे, त्याच्या दाढीवर पाक सांडलेला. एकदा तर तो तिथूनच म्हणाला होता, "जुनीला दात आले का गं?" आणि तिची बोटं त्याच वेळी कररचनेवरचं भाषण बिनचूक लिहीत होती.

निवडणूक पुढच्या मंगळवारी होती. ओहायो राज्य कुणाकडे झुकतं त्यावर राष्ट्राध्यक्ष ठरणार, असं दोन्ही वाहिन्या म्हणत. ही मात्र एकच गोष्ट दोघींची सारखी. म्हणून त्यांच्या ॲक्रन शहरातल्या प्रत्येक घरात दिवसाला दहा-दहा फोन येत, आणि पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज मत मागे. हल्ली असा फोन आला की डार्ला रिसीव्हर जुनीकडे देई. जुनी त्याला बोबड्या बोलांत मनापासून उत्तरं देई.

पावणेसहाला कार्यक्रमाची यादी तिच्या संगणकावर आली. रोज येई, नावं आधी कळली की लिहिताना अडखळायला होत नाही. पाहुणे दोन. एक निवृत्त कर्नल, एक मिस प्रुइट, निवडणुकांचे आडाखे बांधणाऱ्या. विषय पहिला: मतदारांच्या ताज्या पाहण्या. विषय दुसरा: ॲक्रनच्या राखीव वाहतूक तुकडीतले चार ठार, मतांवर परिणाम?

ॲक्रनची राखीव वाहतूक तुकडी एकच होती. कर्ट तिच्यात होता.

चार वाजता तिनंच लिहिलं होतं, याच बोटांनी: आघाडीवर आज शांततेचा दिवस.

तिनं तुकडीतल्या कुटुंबांसाठी असलेला नंबर फिरवला. लागला नाही. पुन्हा फिरवला. कुणी गेलं की घरच्यांना कळवेपर्यंत तिकडचे सगळे फोन आणि ई-मेल बंद ठेवतात, हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं. कर्टची मेल शनिवारपासून आली नव्हती. शनिवारी ती म्हणाली होती, असेल कुठं वाळवंटात. आज बुधवार होता.

वर ऑरविल बसला असणार. सहाची वाहिनी तो रोज लावी, ती काही राजकारणासाठी नाही. "तिथं तुझा हात असतो," तो म्हणे. एकतीस वर्षं तो वर्तमानपत्राच्या छापखान्यात जुळारी होता. कुठला मजकूर कुणी जुळवलाय, हे तो नुसता ताव बघून ओळखायचा. आता पडद्यावरच्या ओळी बघून सुनेचा हात ओळखायचा.

सहा वाजले. बदली माणूस पंधरा मिनिटांत मिळत नाही. तिनं हेडफोन लावले.

पाहण्यांचा भाग नीट गेला. कोण दोन टक्क्यांनी पुढे, कोण एका. मग निवेदक हॅल्स्टेडचा घोगरा, गोड आवाज आला.

"आता ओहायो. आज ॲक्रनच्या एका राखीव तुकडीनं चार जवान गमावले. नावं अजून जाहीर नाहीत. कर्नल, मला सांगा, याचा सरकारी पक्षाला किती फटका?"

तिची बोटं वर उचलली गेली. तशीच राहिली.

पहिल्यांदाच एक वाक्य मधे थांबलं होतं. डार्लाला ते समोर उभं दिसलं, दारात आलेल्या परक्या माणसासारखं. वर, बरोबर तिच्या डोक्यावर, एक म्हातारा नातीला मांडीवर घेऊन त्याच वाक्याची वाट बघत होता. त्याला हे असं कळायचं? टक्क्यांच्या आणि फटक्याच्या मधे?

तिनं लिहिलं: (संगीत).

"हॅल्स्टेड, एवढ्या मोठ्या युद्धात चार हा आकडा म्हणजे, लष्करी दृष्टीनं, नगण्य," कर्नल म्हणाला.

(संगीत)

"नगण्य? आमच्या हिशेबानं एकट्या ॲक्रनच्या उपनगरांत हे चौघं आठ हजार मतं फिरवतील," मिस प्रुइट म्हणाली. तिच्या आवाजात एक तकाकी होती. "त्यांचे फोटो मिळाले तर दहा."

(संगीत)

संगणकाच्या कोपऱ्यात पिट्सबर्गहून रोंडाचा निरोप उमटला. रोंडा तिची वरिष्ठ. "डार्ला?? कसलं संगीत? बोलताहेत ते!"

जिन्यावर पावलं वाजली. ऑरविल जड पावलांनी चाले; आपला आवाज होतो हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. जुनी त्याच्या काखेत होती. त्यानं तिला कपड्यांच्या टोपलीत ठेवलं, धुतलेल्या चादरींवर, आणि सुनेसमोर उभा राहिला.

"तिघांची तोंडं हलताहेत," त्याचे हात म्हणाले. "आणि तू लिहितेस संगीत. गाताहेत का ते?"

"पॉप, तुम्ही वर जा. मी नंतर सांगते."

हे म्हणून झाल्यावर तिला कळलं आपण काय म्हणालो ते. ऑरविलच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, भिंतीवरून चित्र काढून घ्यावं तसं.

"नंतर," तो म्हणाला. हात सावकाश हलत होते. "आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर नऊ माणसं. सगळे हसायचे. मी आईला विचारायचो, काय झालं? ती म्हणायची, नंतर सांगते. एकदाही सांगितलं नाही. वाईट नव्हती ती. माझं ताट तीच भरायची."

"पॉप..."

"थांब. माझा मोठा भाऊ लीलंड कोरियात होता. मी एकोणीस वर्षांचा, छापखान्यात नवा. तीन दिवस घरात सगळे माझ्या पाठीवर हात ठेवून जात होते. मी विचारलं. नंतर सांगतो, म्हणाले, आधी जेव. चौथ्या दिवशी कामावर माझ्या यंत्राला मजकूर लावलेला होता, मेलेल्यांची यादी. पाचव्या ओळीत लीलंड. मीच जुळवली ती ओळ. त्या यंत्रातून शिशात ओतलेली ओळ बाहेर पडते तेव्हा गरम असते, पोरी. हातात धरवत नाही."

कानात मिस प्रुइट फोटोंबद्दल बोलतच होती.

"आता सांग," ऑरविल म्हणाला. "काय म्हणताहेत?"

डार्लानं सांगितलं. कर्टची तुकडी. चार. नावं नाहीत.

ऑरविलनं इस्त्रीचं टेबल बाजूला सारलं, रंगाचा एक रिकामा डबा पालथा घातला आणि तिच्या शेजारी बसला, जिथून छोटा पडदा दिसेल असा.

"लिही."

"ते घाणेरडं बोलताहेत, पॉप."

"घाणेरडं आहे म्हणूनच लिही. बहिऱ्या माणसांनी काय वाचायचं हे तू ठरवायचं नाहीस. ते पलीकडे ठरवणारे आहेत तेवढे पुरेत."

तिची बोटं कळांवर आली. कर्नल म्हणत होता की चौघांच्या बलिदानानं सरकारचा निर्धार उलट पक्काच होईल, आणि निर्धार या शब्दाला ओहायोत चांगला भाव आहे. तिनं तसंच्या तसं लिहिलं. ऑरविल ओठ न हलवता वाचत होता, जुना मुद्रितशोधक वाचतो तसा, एकेक अक्षर.

"एक सांगू का?" हॅल्स्टेड शेवटी म्हणाला. "मंगळवारी ओहायोत पाऊस आहे म्हणे. या चौघांपेक्षा पाऊसच जास्त मतं खाणार!"

आणि ते हसले. तिघंही. वेगवेगळ्या बाजूंचे म्हणून नव्हे, एकत्र, एका टेबलावरची माणसं हसतात तसे.

पावसाचं वाक्य तिनं लिहून टाकलं होतं. पण बोटं पुन्हा अडली. ऑरविलनं पडद्यावरची उघडी तोंडं पाहिली, तिच्या थांबलेल्या हातांकडे पाहिलं.

"हसले?"

तिनं मान हलवली.

"मग घाल."

(हशा)

तो शब्द पडद्याच्या तळाशी उमटला आणि थोडा वेळ तिथंच राहिला, कारण त्यानंतर जाहिरात लागली. ऑरविल त्याच्याकडे बघत राहिला. टोपलीत जुनीनं एक मोजा डोक्यावर ओढून घेतला होता आणि ती कुणालाच न दिसता हसत होती.

त्या रात्री दोघंही झोपायला गेली, हे विशेष. ऑरविल म्हणाला, "अंग टाक. मुलीला दूध लागेल तुझं." डार्ला पडली आणि पडल्या पडल्या त्या मऊ जागेत गेली. ट्रक उभा होता. टपावर पीचचा डबा होता, सुरी त्यात रोवलेली. ती हाका मारत राहिली. वारा नव्हता, तरी वाळू ट्रकच्या चाकांवरून हळूहळू वर चढत होती, एखाद्या घरात गालिचा पसरावा तशी.

सकाळी अकराच्या सुमारास बैठकीतला दिवा उघडझाप करू लागला. दारावरची कळ दाबली की या घरात घंटा वाजत नसे, दिवा लुकलुकायचा. ऑरविलनं डार्लाकडे पाहिलं, डार्लानं ऑरविलकडे. पाच-सहा पावलांवर दार होतं.

बाहेर गणवेशातला कॅप्टन आणि शेजारी लष्कराचा पाद्री. रस्ता ओला, पायऱ्यांवर मेपलची लाल पानं चिकटलेली. कॅप्टन विशी-पंचविशीचा असावा. दाढी करताना हनुवटीजवळ कापलं होतं.

"मिसेस रीडल? कर्ट रीडल यांच्या पत्नी?"

"हो."

त्याची नजर तिच्या मागे गेली. ऑरविल जुनीला कडेवर घेऊन उभा होता.

"हे वडील का त्यांचे?"

"हो. त्यांना ऐकू येत नाही."

कॅप्टन पाद्रीकडे वळला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, मग असं करू या का? आधी तुम्ही एकट्या ऐकून घ्या. बसून. त्यांना काय, जरा सावकाश, नंतर..."

"नंतर नाही," डार्ला म्हणाली.

ती दारातच तिरकी उभी राहिली, म्हणजे एका बाजूला कॅप्टन दिसेल आणि दुसऱ्या बाजूला ऑरविल. तिनं दोन्ही हात छातीसमोर धरले.

"तुम्ही सांगा. मी सोबत सांगत जाते."

"मॅडम, ते तुम्ही स्वतः..."

"सांगा."

त्यानं पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. संरक्षण खात्याच्या वतीनं अत्यंत दुःखानं कळवावं लागतंय. तिचे हात हलू लागले. खात्याच्या वतीनं. अत्यंत दुःखानं. तुमचे पती. तिनं 'तुमचा मुलगा' असा बदल केला नाही. तेवढं ऑरविलचं ऑरविलनं केलं, तिला ते त्याच्या डोळ्यांत होताना दिसलं. बुधवारी सकाळी. रस्त्यात पेरलेल्या बाँबचा स्फोट. जागीच. एकेक शब्द कानातून आला, आत थांबला, आणि थांबून मग हातांत गेला. तिनं काही घातलं नाही. काही गाळलं नाही. शेवटच्या शब्दानंतर हात तसेच हवेत राहिले, कारण खाली कुठं ठेवायचे ते तिला आठवेना.

ऑरविलनं जुनीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मोकळ्या झालेल्या एका हातानं तो पाहुण्यांना उद्देशून काही म्हणाला. सावकाश, स्वच्छ, घरमालकासारखं.

कॅप्टननं डार्लाकडे पाहिलं.

"ते म्हणताहेत, तुम्ही बराच वेळ गारठ्यात उभे आहात. आत या."

कॅप्टननं टोपी काढली. पायपुसण्यावर त्यानं बूट पुसले, एकदा, मग पुन्हा एकदा, जणू कितीही पुसले तरी ते पुरेसे स्वच्छ होणार नव्हते, आणि मान खाली घालून आत आला.