निंबावरचा रूळ गप्प राहिला तो दिवस

मारोती गुरुजींनी मला शेवटचा टोला दिला तो एक साधा मंगळवार होता. मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. तेलुगू मुलखातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगुकडच्या एका गावात, मराठी शाळेच्या निंबाला तारेने टांगलेला.

तरुणपणी माझ्यावरून गाड्या गेल्या. पुढे मी भंगारात पडलो. तिथून गुरुजींनी मला बैलगाडीत घालून इथे आणले. शाळा माझ्या आवाजावर भरे आणि सुटे. पंधरा ऑगस्टला मला गेरू लावत. आता अंगावर गंज आहे आणि घरोघरी फोन आहेत. तरी टोला ऐकल्याशिवाय कापूस वेचणाऱ्या बाया सभेला निघत नाहीत.

त्या मंगळवारी शाळा भरल्यावर गुरुजी माझ्याखालीच उभे राहून मुलीला फोन करत होते. ते निवृत्त झाले होते, पण टोल्याचे काम त्यांनी सोडले नव्हते. मुलगी प्रगती आदिलाबादला इंग्रजी शाळेत शिकवते. गावची शाळा बंद करून लहान लेकरांना हायवेपलीकडच्या शाळेत पाठवायचे घाटत होते. उद्या मंडळाचे, म्हणजे तालुक्याचे, शिक्षणसाहेब सभेत पालकांचे मत घ्यायला येणार होते.

"साहेबाले तेलुगूत समजावून सांगाले तू पाह्यजे. येशीन का?"

उत्तर नेहमीचेच आले असावे, कारण गुरुजी हसले. "तुह्यं 'पाहू' म्हंजे पंचायतीचा नळ. वाट पाहाची, अन् घागर रिकामी." 'येते' असे ती कधी म्हणालीच नव्हती.

पहाटे झोपेतच गुरुजी गेले.

गावात मयत झाली की नंतरचा विधी होईपर्यंत मला वाजवत नाहीत, लेकरांना हाका मारून वर्गात बसवतात. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बयनाबाईंनी टोल्याचा लोखंडी दांडा पदराने पुसून आत ठेवला. हा गुरुजींचा मान होता. टोला नाही म्हणजे सभा नाही, असे साऱ्या गावाने धरले. दुपारी साहेब आले, रिकामी सतरंजी पाहिली. पुढच्या बुधवारी एकदा येईन, तेव्हाही कोणी नसेल तर शाळा बंद करायचा कागद वर जाईल, असे सांगून गेले.

तो बुधवार आला, तरी मला कोणी हात लावेना. साहेबांची गाडी दारात उभी राहिली. तेव्हा वडिलांच्या मयतीपासून गावातच असलेली, पांढऱ्या साडीतली प्रगती आत गेली आणि दांडा घेऊन आली.

"काऊन वो माय," बयनाबाई म्हणाल्या, "गुरुजीचं पुण्यानुमोदन तं होऊ दे."

"बाबाचीच सभा हाये, मावशी."

तिने मारलेला पहिला टोला तिरपा बसला. दुसरा शेतापर्यंत गेला. बाया कमरेच्या ओटीत कापूस तसाच घेऊन आल्या, पुरुष मागून आले. हायवेवर लेकरांचा हात कोण धरणार, हे प्रगतीने साहेबांना तेलुगूत विचारले. साहेबांनी वही काढून पालकांचे मत विचारले. शाळेच्या बाजूने हात वर झाले. लहान वर्ग इथेच राहावेत, असे साहेबांनी लिहून घेतले.

मित्रांनो, मला गेरू नका लावू. पण कोणाचा मान राखायचा म्हणून मला मुका ठेवू नका. ज्याने जन्मभर वाजवले, त्याचा मान वाजवण्यातच आहे.

सगळे पांगल्यावर प्रगतीने दांडा खिळ्याला अडकवला. तिने माझ्या अंगावर तळहात ठेवला. मग फोनवर बोलावे तशी, साध्या आवाजात म्हणाली,

"पुढच्या सभेले मी येते, बाबा."