तिसऱ्या कडव्यातली ओळ

त्रिलोकी कक्कडचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही, असं मी जुनी गाणी ऐकायला जमणाऱ्या कानपूरच्या आमच्या सगळ्या श्रोता मंडळीला बजावून ठेवलंय. तरी कोणी खोदून खोदून विचारलंच, तर मग सगळंच सांगते.

आमच्या ह्यांचा तो जिवलग दोस्त. माझ्या हातची कढी ओरपत त्याने अर्धं आयुष्य आमच्या अंगणात काढलं. जुन्या सिनेमांच्या रेकॉर्डी जमवण्याचा त्याला नाद. त्यातल्या एका रेकॉर्डीवरच्या गाण्याचा सिनेमा पहिल्याच आठवड्यात आपटला, त्याची रिळं कुठे गेली देव जाणे, आणि गाणं उरलं ते फक्त त्रिलोकीच्या कपाटात. कॅसेटच्या जमान्यात त्याने ते आम्हाला भरून दिलं. विरहाचं गाणं, पण रडकं नाही. बाई वाट बघतेय आणि वर स्वतःलाच हसतेय. पहिल्या कडव्यानंतर सारंगी अशी काही येते, की ह्यांचा चहा हातातच निवून जायचा.

तिसऱ्या कडव्यात मात्र एक ओळ गायब. "मी दार उघडं ठेवलं" एवढं म्हणून बाई गप्प, की एकदम धृपदच.

"रेकॉर्ड तिथे घासली गेलीय भाभी, सुई उडते," त्रिलोकी म्हणाला. आम्ही मान्य केलं. दोस्ताचा शब्द कोण तपासत बसतं?

मग तो आमचा खेळच झाला. ती पुढे काय म्हणाली असेल? मी म्हणायचे, "दार उघडं ठेवलं नि मांजर शिरलं." हे चिडायचे. "श्रीमतीजी, तुम्हाला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही." मग मी भाजी निवडत बसले, की हे शेजारी बसून नव्या नव्या ओळी जुळवायचे. एकही मनासारखी जमायची नाही.

शेवटच्या आजारात ह्यांचं अन्न सुटलं, गाणं नाही सुटलं. त्रिलोकी रोज यायचा. एकदा ह्यांनी त्याचा हात धरला. "यार, ती रेकॉर्ड एकदा इथे आणून लाव ना. सुई हाताने दाबून धरू. काहीतरी ऐकू येईलच की."

"हरी, येत असतं तर मी लावली नसती का रे?" असं म्हणून तो खरोखर रडला मेला. मीच उठून त्याला पाणी दिलं. त्यानंतर आठवड्याभरात हे गेले.

ह्यांची बरसी, म्हणजे वर्षश्राद्ध, झाल्यानंतरची गोष्ट. मंडळीच्या बैठकीनंतर आमच्यातलेच बाजपेयीजी मला गाडीतून घरी सोडत होते. गाडीत त्यांच्या कॅसेटवर तेच गाणं लागलं. पहिल्याच कडव्यात एक ओळ उडाली. आमच्या कॅसेटमध्ये ती ओळ स्वच्छ आहे.

"रेकॉर्ड तर तिसऱ्या कडव्यात घासलीय ना?" मी विचारलं.

बाजपेयीजी हसायला लागले. "कसली घासलीय! त्रिलोकी प्रत्येकाच्या कॅसेटमधली वेगळी ओळ कापतो. गाणं बाहेर फुटलं, तर कोणी फोडलं ते कळावं म्हणून. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

तिसरं कडवं यायच्या आत मी हात पुढे करून गाणं बंद केलं. ती ओळ मला त्रिलोकीच्याच घरी, त्याच्यासमोर बसून ऐकायची होती. गाडी तिकडेच घ्या म्हटलं.

त्रिलोकीने आढेवेढे घेतले नाहीत. "रेकॉर्डी जमवणारे सगळेच करतात, भाभी. तुमच्यावर भरवसा होता, म्हणून तर तुमची सगळ्यात लहान ओळ कापली."

"आणि हे मरायला टेकले होते तेव्हा?"

"तेव्हा खरं सांगितलं असतं, तर मी इतकी वर्षं खोटं बोललो हे मनात घेऊन हरी गेला असता. हिंमत झाली नाही."

"म्हणजे ह्यांना उपाशी पाठवलंस आणि वर गळा काढून रडलास. लाव आता."

त्याने रेकॉर्ड लावली. नव्यासारखी, एक ओरखडा नाही. सारंगी झाली, दुसरं कडवं झालं, आणि बाई न अडखळता गायली: मी दार उघडं ठेवलं, तुझी टकटक ऐकायला मी उरले नाही तर.

ह्यांनी जुळवलेल्या इतक्या ओळींत ही नव्हती. ह्यांना किती आवडली असती! मांडीवर थाप मारून परत लाव म्हणाले असते. मला रडू आवरेना. माणूस गेला तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते.

त्रिलोकीने रेकॉर्ड मऊ फडक्याने पुसली, पाकिटात घातली, कपाटाला कुलूप लावलं. मग माझ्या मांडीवरच्या पर्सकडे बघत हळूच म्हणाला, "भाभी, गैरसमज नका करून घेऊ. आत मोबाइल चालू नाही ना?"

मी पर्स त्याच्या दिवाणावर पालथी केली. किल्ल्या, बीपीच्या गोळ्या, रुमाल, चष्म्याची डबी. मोबाइल घरी चार्जिंगला होता, तसं मी त्याला सांगितलंही.

तरी त्याने वाकून चष्म्याची डबी उघडून पाहिली.