पंधरा चौकोनांची टाळी

माझा भाऊ स्टुलावरून पडला. यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण ते स्टूल त्याचंच होतं, ड्रम वाजवताना बसायचं, गरगर फिरणारं. त्याच्यावर बसून या माणसाने अर्धं आयुष्य काढलं आणि एका दुपारी त्याच्यावर उभा राहून माझ्या दुकानातला बल्ब बदलायला गेला. शिडी मागच्या खोलीत होती. "आता ती कोण काढत बसणार," म्हणाला. स्टूल फिरलं, त्याच्यासोबत हा फिरला, आणि डावा खांदा कापडं कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर असा आपटला की आईच्या हातातली सुई खाली पडली. आईच्या हातून सुई कधी पडत नाही.

हाड सांधलं, पण हात काही पहिल्यासारखा झाला नाही. छातीच्या वर जाईना, आणि काठी धरली की मुठीतून निसटायची. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगून टाकलं, "जेवा, लिहा, हिंडाफिरा. ड्रम विसरा." गल्लीत ज्याला सगळे ठोक्या म्हणतात, ज्याचं खरं नाव आता आईसुद्धा वापरत नाही, त्याला हे ऐकून काय झालं असेल ते मला विचारा. वरच्या खोलीतल्या ड्रमवर त्याने चादर टाकली आणि खाली येऊन माझ्या दुकानात हातावर हात ठेवून बसला. म्हणजे डावा उचलून उजव्यावर ठेवायचा आणि बसायचा.

माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि माझा राग नाकावर असतो, या दोन्ही गोष्टी गल्लीला ठाऊक आहेत. मी मशीनवर, आई काज-बटणं आणि घड्या घालायला. आमच्या मध्ये हा उसासे टाकत बसला की गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "काही वाईट झालंय का?" एकदा माझं डोकं फिरलं. ज्यावर मी गिऱ्हाइकांना गळ्यांचे नमुने दाखवते तो टॅब्लेट मी त्याच्या मांडीवर आदळला.

"हे घे. यात ताल बनवायची ॲप असतात म्हणे. बोटं तर शाबूत आहेत ना तुझी?"

"ताई, ती खेळणी असतात."

"मग खेळ. तोंड पाडून बसण्यापेक्षा बरं."

त्याने नाक मुरडत एक ॲप घेतलं. मी वाकून पाहिलं, तर पडद्यावर चौकोनांच्या रांगाच रांगा. एका रांगेत सोळा चौकोन, आणि प्रत्येक रांगेचा आवाज वेगळा. एक उजेड डावीकडून उजवीकडे पळत जातो, शेवटाला पोचला की पुन्हा पहिल्यापासून. जो चौकोन बोटाने भरला असेल तिथे आवाज होतो. या चौकोनांच्या कारभाराला सीक्वेन्सर म्हणतात आणि सगळ्या पेटीला ग्रूव्हबॉक्स, हे मला त्याच्या शिव्यांमधून कळलं. "ग्रूव्हबॉक्स म्हणे! डब्यात वाटाणे टाकून हलवा, याहून बरं वाजेल."

मग त्याला कळलं की या पेटीत बाहेरचे आवाजही भरता येतात. झालं! त्या दिवसापासून दुकानात शांतता म्हणून उरली नाही. माझी मोठी कात्री टॅब्लेटजवळ नेऊन कचकच करायला लागला. इस्त्रीची वाफ भरली. कापायच्या टेबलावर उजव्या हाताने बुक्की मारली, ती मोठ्या ड्रमच्या जागी बसवली. ज्या टेबलाने खांदा मोडला त्याच्याकडून तो वसुली करत होता, आणि मनापासून करत होता. मी वरवर करवादत होते, पण खरं सांगते, मला इतकं बरं वाटत होतं की दोनदा शिलाई वाकडी गेली.

अशात मास्तर आले. मास्तर म्हणजे ठोक्याच्या बँडचे गायक, गिटारही तेच वाजवतात, आणि बँडमध्ये शेवटचा शब्दही त्यांचाच. शाळेपासूनचे दोस्त दोघे. पँटची उंची कमी करायच्या निमित्ताने आले आणि बराच वेळ पँटबद्दलच बोलले. शेवटी मीच म्हटलं, "मास्तर, पोटात काय आहे ते बोला."

"ताई, शनिवारी मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे. ड्रमवर दुसऱ्याला घ्यावं लागतंय. मुलगा चांगला आहे." मग ठोक्याकडे न बघताच म्हणाले, "कायमचाच घ्यावा म्हणतोय."

ठोक्याचा चेहरा पार उतरला. मग त्याने टॅब्लेट छातीशी धरला. "एक गाणं मला दे. शेवटचं. या पेटीवर वाजवतो. नाही जमलं तर स्टूल त्याचं, मी पुन्हा नाव काढणार नाही."

मास्तरांनी टॅब्लेटकडे असं पाहिलं जसं कोणी लग्नाला आलेल्या मांजराकडे पाहील. पण शाळेतला दोस्त पडला. "एकच गाणं," म्हणाले. "आधी मला ऐकव मात्र."

आता त्याला हवी होती टाळी. आई घडी घातलेल्या शर्टावर शेवटी एक चापट मारते, कापड बसावं म्हणून. त्या चापटीसारखा आवाज जगात नाही, असं ठोक्याचं ठाम मत.

"आई, मार."

"कुणाला, तुला?"

"शर्टाला. मी मान हलवली की मार."

त्याने मान हलवली आणि आईने ताल धरून चापट्या मारल्या. इथेच घोटाळा झाला. रांग भरून झाली की बरोबर शेवटच्या चौकोनानंतर बटण दाबून आवाज भरणं थांबवायचं असतं; थांबवाल तिथे रांग संपते. ड्रम वाजवणाऱ्याला असल्या गोष्टी दोन हातांनी करायची सवय. याचा एकच हात धड, तो टॅब्लेट आईजवळ धरण्यात गुंतलेला. बटण दाबायला त्याने अंगठा लांबवला तो एक चौकोन आधीच टेकला. बाकी सगळ्या रांगा सोळा चौकोनांच्या, आणि आईच्या टाळीची पंधराची. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. चौकोन मोजणं त्याला कमीपणाचं वाटायचं. "मी कानाने वाजवतो," असा तोरा.

मास्तर ऐकायला आले तेव्हा कानानेच सांगितलं. पहिल्यांदा सगळं झकास. बुक्की, कात्री, वाफ, टाळी. दुसऱ्या फेरीत टाळी जरा लवकर पडली. तिसरीत आणखी लवकर. पुढे तर ती कुठेही पडायला लागली. मास्तरांचा पाय हलायचा थांबला.

"ही टाळी घरदार सोडून निघाली आहे," ते म्हणाले. "सरळ कर. नाहीतर शनिवारी आपली शोभा होईल." आणि निघून गेले.

ठोक्याने कपाळावर हात मारला. चूक सापडली, पंधरा चौकोन सापडले. पण मी खिडकीच्या पडद्याची लांबलचक पट्टी शिवत होते, पाय मशीनवर होता आणि ते वाजतच राहिलं. टाळी भटकत होती, मला त्याचा त्रास होत होता, अगदी दात शिवशिवत होते. आणि अचानक, काही न करता, ती बुक्कीच्या बरोबर मागे येऊन पडली, जिथे पहिल्यांदा होती तिथेच. मशीन थांबवून मी ओरडले, "हात लावू नकोस! ती परत आली!"

"कोण?"

"टाळी, मेल्या! पुन्हा ऐक."

आम्ही पुन्हा ऐकलं. दर फेरीला एक चौकोन अलीकडे सरकत सरकत टाळी सगळीकडे भटकून येते आणि जेमतेम अर्ध्या मिनिटाने घरी पोचते. मध्ये जीव टांगणीला लागतो आणि पोचली की असं वाटतं, हुश्श! ठोक्या हसला. पडल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून, डाव्या हातानेसुद्धा. आई म्हणाली, "मी काही चुकीचं मारलं नव्हतं." तिला कुणी काही म्हटलंच नव्हतं.

पण मास्तरांनी सरळ कर म्हटलं होतं. ठोक्याने एक सोळाची रांग केली आणि पंधराची वेगळी जपून ठेवली. "त्याचा कार्यक्रम आहे, ताई. त्याचं ऐकायला हवं." मला ते पटलं नाही, पण मी गप्प बसले. मी गप्प बसते तेव्हा घरचे घाबरतात.

शनिवारी दुपारी सभागृहात आवाज तपासायला गेलो. व्यासपीठावर एक छोटं टेबल, त्यावर टॅब्लेट, आणि शेजारी नव्या मुलाचे ड्रम. ठोक्याने सोळाची टाळी लावली. मास्तरांनी गाणं म्हटलं. सगळं सरळ, स्वच्छ, कुठे सुरकुती नाही. मास्तर खूश झाले आणि खुशीतच बोलून गेले, "मस्त! हे तर सोपंच आहे की. एक बटण दाबायचं. पुढच्या वेळी तू मला हे नुसतं पाठवून दे, मीच पायाने दाबीन. तुला यायचा त्रास नको."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी त्या क्षणी हातात कात्री नव्हती ते बरंच झालं. ठोक्या टेबलाजवळ तसाच उभा राहिला. सांगितल्याप्रमाणे वागला, आणि त्यानेच त्याची गरज संपली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भर सभागृहात म्हटलं, "आता काय करणार आहेस ते मला सांगू नकोस. कर."

संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं. मी आणि आई पुढच्या रांगेत. आईने चांगली शाल घेतली होती. नव्या मुलाने कार्यक्रमभर ड्रम खरंच छान वाजवले, मी उगाच नावं ठेवणार नाही. शेवटच्या गाण्याआधी तो उठला, खाली येऊन आमच्या शेजारी बसला, काठ्या खिशात. ठोक्या टेबलाशी गेला. लोकांना वाटलं, हा काहीतरी दुरुस्त करायला आलाय.

बुक्की सुरू झाली. कात्री आली, वाफ आली. मग आईची टाळी पडली आणि लोकांनी तिच्यावर टाळ्यांचा ठेका धरला. मास्तर गायला लागले. दुसऱ्या फेरीला मी कान टवकारले. टाळी लवकर पडली होती. त्याने पंधराची लावली होती!

टाळी घर सोडून निघाली. लोकांच्या टाळ्या एकीकडे, ही दुसरीकडे. कुणी हसलं, कुणी थांबलं. मास्तरांनी ओळ कशीबशी पुरी केली आणि वळून ठोक्याकडे पाहिलं. ती नजर मी वर्णन करत नाही. ठोक्याने उजवा हात वर केला, फक्त तळवा दाखवला. थांब. मास्तर थांबले. त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मान देईन.

आणि मग माझा भाऊ वाजवायला लागला. हो, वाजवायलाच. उजव्या हाताच्या बोटांनी त्याने एकेक रांग बंद केली. वाफ गेली. कात्री गेली. शेवटी बुक्कीही गेली आणि सगळ्या सभागृहात आईच्या शर्टावरची चापट तेवढी उरली, एकटी. त्याने लोकांना खूण केली, चालू ठेवा. लोकांनी ठेका धरला, आणि चापट त्या ठेक्यातून वाट काढत चालली. आता सगळ्यांना ऐकू येत होतं, ती कशी चुकते, आणि कशी जवळ येतेय. लोक खुर्च्यांच्या कडेवर आले. शेजारचा मुलगा पुटपुटत मोजत होता. आईने माझा हात घट्ट धरला.

चापट एक चौकोन जवळ आली. मग आणखी एक. आणि लोकांच्या टाळीवर आईची टाळी बरोब्बर पडली, त्याच क्षणी ठोक्याने पाची बोटं एकदम टेकवली आणि बुक्की, कात्री, वाफ, सगळं काही मिळून कोसळलं. मास्तरांनी गिटारवर हात मारला, सापडेल त्या वरच्या सुरात गाणं उचललं. लोक उठून उभे राहिले. ओरडत होते, नाचत होते, सभागृह डोक्यावर घेतलं होतं. आमच्या शेजारचा मुलगा खुर्चीवर चढला होता. मी रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

"ती टाळी माझी आहे," आई पलीकडच्या अनोळखी बाईला सांगत होती. "मी शर्टाला मारते ती."

लोकांनी पुन्हा वाजवायला लावलं. टाळी पुन्हा घर सोडून निघाली तेव्हा कुणी हसलं नाही. सगळे तिची वाट बघत होते.

पडदा पडल्यावर आम्ही मागे गेलो. मास्तर घामाने निथळत होते. ठोक्या टॅब्लेट कापडात गुंडाळत होता, माझ्याच दुकानातल्या. मास्तर त्याच्यासमोर येऊन म्हणाले, "ही मला पायाने दाबता येणार नाही."

"नाही येणार," ठोक्या म्हणाला.

"पुढच्या महिन्यात दोन कार्यक्रम आहेत. मुलगा राहील ड्रमवर. तुझं..." ते अडखळले. "तुला स्टूल कुठलं लागेल, जुनंच का?"

ठोक्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्या खांद्याकडे पाहिलं.

"स्टूल नको, बाबा," तो म्हणाला. "टेबल लागेल. मोठं."