पाडव्याच्या कुंकवाने झाकलेली तारीख

आज मला गप्प बसवतच नाही! मी शेवयांच्या मशीनचं वॉरंटी कार्ड बोलतोय. अहो, मी जिंकलोय!

कुठल्याशा छापखान्यात जन्मलो, पण खरा जगू लागलो सांगलीच्या एका दुकानात, २०२५च्या गुढीपाडव्याला. कडेगावच्या धोंडुबाईंनी मशीन घेतलं. दुकानदाराने माझ्यावर शिक्का मारला, तारीख घातली आणि मुहूर्ताचं म्हणून त्या तारखेवरच बोटाने कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. फोटोही झाला. काय मिरवलो मी!

ऐन हंगामात मोटर जळाली. दारात बायका रव्याचे डबे घेऊन उभ्या. धोंडुबाई मला घेऊन एसटीने सांगलीला धावल्या.

“मावशी, कार्डावर तारीख कुठं दिसतीया?” दुकानदार म्हणाला.

“आवं, कुंकू तुमीच लावलंसा की!”

“मी न्हाई. घरी पूजा करताना लावलं असंल तुमी. तारखेबिगर मोटर फुकट बदलून मिळायची न्हाई.”

माझा असा संताप झाला! पण कार्डाला तोंड कुठलं?

धोंडुबाईंच्या लेकीने, अंकिताने, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. तिथे दुकानदाराचा वकील म्हणाला, “या बाई शेवयांचा धंदा करतात. त्या ग्राहक कशा?” मी पार गारठलो. तक्रारच उडाली तर पुढच्या उन्हाळ्यात या माउलीने करायचं काय?

धोंडुबाई उभ्या राहिल्या. “सायेब, मीच मालकीन, मीच कामकरी. ह्या मशिनीवरच माझी चूल पेटती.”

आयोगाचे साहेब म्हणाले, “स्वतः राबून पोट भरायला यंत्र घेतलं, तर कायद्याने त्या ग्राहकच.”

मग अंकिताने मोबाइल पुढे केला. दुकानाच्याच जाहिरातीतला फोटो! मागे ‘पाडवा २०२५’चा फलक, पुढे मी आणि माझ्यावर दुकानदाराचं कुंकवाचं बोट. मशीन बदलून द्या, भरपाईही द्या, असा निकाल लागला!

काल नवं मशीन आलं. पूजेला शेजारच्या रंगुबाई आल्या होत्या. त्यांचं बोट नव्या कार्डाकडे गेलं, तशा धोंडुबाई ओरडल्या, “आगं थांब! मशिनीला लाव. कार्डाला न्हाई!”

तुम्हीही पूजा जरूर करा, पण आमची तारीख तेवढी मोकळी ठेवा. आणि दुकानदार नाही म्हणाला म्हणून मुकाट घरी परतू नका.

माझी मुदत आता संपली. मला वाटलं, जाणार मी चुलीत. पण धोंडुबाईंनी मला मशीनपुढे ठेवलं आणि जुन्या स्वस्तिकावर ताजं कुंकू लावलं.

“तुला मातूर लावती,” त्या म्हणाल्या. “तुजं काम झालं.”